मालवणच्या मैदानावर घातलेलं गाऱ्हाणं

सगळ्यात आधी स्टॉपवर हजर कोण, तर आमच्या खालच्या वाडीतली पार्वती. चेडवांनी, म्हणजे पोरींनी, अर्ध्या चड्डीत चेंडू लाथाडणं शोभत नाही असं गावभर सांगत फिरायची ती हीच. आणि त्या दिवशी पोरींसाठी घावण्यांचा डबा घेऊन माझ्या आधी उभी. मी विचारलं, "गो, तू खंय?" तर म्हणते, "माका काय मालवण वर्ज आसा?"

निमित्त असं, की देशाच्या फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षा मालवणला मुलींचा खेळ बघायला येणार होत्या. एवढ्या मोठ्या जागी बाई. माझी नात सायली आरोंद्याच्या मुलींत खेळते, त्यांचाही तिथे सामना होता. तिच्या बापसाने, म्हणजे माझ्याच लेकाने, बजावलं होतं, "शिकवणारो गावलो तर खेळ, नायतर ह्या वर्साक पुरे." शिकवणारं तर कोणी नव्हतं. म्हणून म्हटलं, जाऊन बघूया.

आरोंद्याहून सरळ एसटी मिळेलच असं नाही. शिरोड्याला बदला, वेंगुर्ल्याला बदला, मग परुळ्यावरून मालवण. वळणं फार, पोट डचमळणाऱ्यांनी पुढे बसावं. बायकांना अर्धं तिकीट, आणि माझी पंचाहत्तरी उलटलीय म्हणून मला तेवढंही पडत नाही. वेंगुर्ल्याच्या स्टँडवर डबा उघडला तर पार्वती चटणी घरीच विसरलेली. हे मी तिला परत येईपर्यंत ऐकवलं. मालवणात पोचल्यावर बांगड्याची थाळी घ्या, आणि सोलकढी पुन्हा मागायला लाजू नका.

अध्यक्षाबाई साध्या निघाल्या. पायात बूट, गुडघ्याला पट्टा, बोलणं पुण्याकडचं. माझ्या शेजारीच बसल्या. मी विचारलं, "देशाचो फुटबॉल चालवतास म्हणजे नेमका काय करतास?"

"भांडते, आजी. मुलांना जेवढे सामने, तेवढे मुलींनाही द्या म्हणून. मग मतं पडतात. कधी मी हरते."

"म्हणजे आमची ग्रामपंचायतच."

त्या खूप हसल्या.

सायलीचा संघ हरला. कोणी कुठे उभं राहायचं ते सांगणारं कोणी नाही, सगळ्या मिळून चेंडूमागे. खेळ संपल्यावर अध्यक्षाबाई माईकवर म्हणाल्या, "कोणाचं काही गाऱ्हाणं असेल तर मोकळेपणी सांगा."

आता आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवळात घालतात ते. मानकरी हात जोडून देवाकडे मागणं मागतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. घालतात पुरुषच. पण इथे विचारणारी बाई, तर बाईनेच घातलं तर काय बिघडलं, असं मला वाटलं. उठले, पदर सावरला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ही जी चेडवां आज हयसर खेळली..."

मागून एकटी पार्वती, "व्हय म्हाराजा."

"तेंका शिकवूक कोणतरी आरोंद्याक येवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता सगळ्या खुर्च्या बोलल्या.

"आणि जो कोण बापूस आडवो येयत, तेका जरा बाजूक सार रे म्हाराजा."

हसू आणि "व्हय म्हाराजा" एकदमच उठलं. त्यातला एक आवाज माईकमधून आला. अध्यक्षाबाईंचा.

सायलीने माझा पदर ओढला. "आज्ये, त्यांनी तक्रारी विचारल्यानी गो." मी ओशाळले. बाईंना कोणीतरी अर्थ समजावला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता मीही व्हय म्हणून बसले. देवासमोरचं मोडता कसं येणार?" आणि सोबतच्या एका प्रशिक्षक मुलीला पुढे बोलावून तिथेच सांगितलं, शनिवार-रविवार आरोंदा.

घरी आल्यावर कंबर धरली ती दोन दिवस, बाकी सगळं बरंच झालं. ती मुलगी आता येते. पोरी आपापल्या जागी उभ्या राहतात, आणि राहिल्या नाहीत तर बांधावरून पार्वती ओरडते. गाऱ्हाण्यातला बापूस कोण, ते लेकाच्या कानावर गेलंच. पण अध्यक्षाबाई आरोंद्यात सामना बघायला येईन म्हणाल्यात, त्या दिवसाभोवती कॅलेंडरवर लाल गोल त्यानेच काढलाय. तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस.