हिन्नर्कचं बिननावाचं पान
हिन्नर्क त्यादेनला संताप आला की तो बूट पुसायला बसतो. त्या शरदात त्याचे बूट आरशासारखे लखलखत होते, यावरून काय ते समजा.

आमच्या गावातला हा म्हातारा. समुद्रबांधाची दारं उघडण्या-लावण्यात त्याचा जन्म गेला आणि त्यातली बरीच वर्षं दारूत. पुढे सुटली. पण या गावात कोण कुणाच्या दारात किती वेळ उभं होतं, हे संध्याकाळच्या आत पाववालीला ठाऊक असतं. इथे ‘माझी दारू सुटत नाही’ असं कोण कुणाच्या तोंडावर बोलणार? म्हणून हिन्नर्कने कोठीत जुना संगणक लावला आणि त्यावर एक पान उघडलं. लिहिणाऱ्याने नाव द्यायचं नाही आणि कोण कुठून लिहितं याची खूण संगणकानेही ठेवायची नाही. कुणी ‘बगळा’ झालं, कुणी ‘जुनी होडी’. ‘आज दुकानापर्यंत गेलो आणि तसाच परतलो,’ असं बगळ्याने लिहिलं की बाकीचे त्याची पाठ थोपटत.

अर्थात ते पान चालवायलाही मंडळ झालं. इथे सात माणसं एकत्र शिंकली तरी अध्यक्ष, चिटणीस नेमून रीतसर नोंदणी होते. चिटणीस झाला शेजारचा फोको मेन्सेन. रस्ता चारी बाजूंनी रिकामा असला तरी लाल दिव्यापाशी थांबणारा माणूस.

तेवढ्यात राजधानीत सायबर सुरक्षेचा नवा कायदा झाला. संगणकावरचे चोर पकडायचे, म्हणून निरोपांची देवघेव चालवणाऱ्या प्रत्येकाने कोण, कधी, कुठून बोललं याची नोंद ठेवायची. कोठीतला आपला डबा कुणाच्या खिजगणतीत, म्हणून हिन्नर्क स्वस्थ होता. पण फोकोने आपणहून राजधानीतल्या कार्यालयाला विचारलं, हा कायदा आम्हालाही लागू आहे का?

उत्तर आलं, आहे.

“तुला विचारायला कुणी सांगितलं होतं रे?” हिन्नर्क कुंपणावरून ओरडला.

“विचारायला नको?”

“न विचारता त्यांना कळलं असतं का?”

“कळलं नसतं. म्हणून तर विचारलं.”

हिन्नर्कने कपाळाला हात लावला आणि कार्यालयात फोन केला. तिकडची मुलगी गोड बोलत होती. “आजोबा, मजकूर आम्ही मागतच नाही. फक्त कोण, कधी, कुठून.”

“मजकूर घ्या हवा तर, बाई! चौकात टांगा. तेवढं ‘कोण’ सोडा.”

“पण लपवण्यासारखं काही नसेल तर...”

“आहे ना! लपवण्यासारखंच आहे. म्हणून तर पान काढलं.”

“ते नियमात बसत नाही, आजोबा.”

हिन्नर्कने पानावर खरं काय ते लिहून टाकलं, की पुढच्या महिन्यापासून खुणा ठेवाव्या लागतील. जुनी होडी ‘येतो मी’ म्हणून गेली, ती गेलीच. बगळाही गप्प झाला. खुणा ठेवण्यापेक्षा पान मिटलेलं बरं, असं ठरवून हिन्नर्कने शेवटचं लिहिलं, ‘मी हिन्नर्क त्यादेन. मागचं दार उघडं असतं. चहा असतो.’ आणि संगणक बंद केला.

कित्येक आठवडे कुणी फिरकलं नाही. मग एका दुपारी मागच्या दारात फोको उभा.

“पुढची घंटा बिघडली काय?” हिन्नर्क गुरगुरला.

“मी बगळा,” फोको म्हणाला.

हिन्नर्कच्या हातातली किटली तशीच राहिली. “गाढवा! मग विचारलंस कशाला?”

“वाटलं, लागू नाही म्हणतील. एकदा तसं लेखी मिळालं की बिनघोर लिहिता येईल.”

यावर माणसाने हसावं की रडावं? हिन्नर्कने कपात खडीसाखर टाकली, चहा ओतला. आमच्याकडे पुरे झालं की चमचा कपात उभा ठेवतात. फोकोने तो ठेवलाच नाही. हिन्नर्क ओतत राहिला आणि शिव्या देत राहिला.

“आणि बाकीचे, चिटणीससाहेब? त्यांनी कुठे जायचं?”

फोकोने कप पुन्हा पुढे केला. तो आता दर आठवड्याला मागच्या दाराने येतो. दुसरं कुणी आलं नाही. हिन्नर्क दुकानात गेला की बाटल्यांच्या फळीपाशी रेंगाळणाऱ्या प्रत्येकाकडे बघत उभा राहतो. यातला जुनी होडी कोण? हाक मारावी म्हटलं, तर मारायची कुणाला? नावं कुणाचीच ठेवली नव्हती.