पेटीच्या तळावरचा नंबर

मी अनोळखी नंबर उचलत नाही. हा माझा जुना गुण आहे. बायको त्याला खोड म्हणते. फोनवर गोड बोलणारा माणूस लुबाडायलाच बसलेला असतो, असं माझं ठाम मत होतं. या मतापायी काय झालं ते सांगतो.

लाखनीपासून थोडं आत आमचं गाव. घरामागे पत्र्याचं शेड आहे. त्यात पंधरा-सोळा वर्षं आम्ही लाकडी पेट्या बनवल्या. दारूगोळा भरायच्या पेट्या. आम्ही म्हणजे मी आणि गावातला एक वाढई. सुताराला आमच्याकडे वाढई म्हणतात. तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, त्यामुळे मी त्याला भाऊ म्हणायचो. लाकूड आणि हात त्याचे, कागदपत्रं आणि बोलणं माझं. नागपूरचा एक ठेकेदार माल उचलायचा आणि पुढे फौजेच्या कारखान्याला द्यायचा.

पेटीला दोन्ही बाजूंना दोराच्या मुठी लागतात. त्यांच्या गाठी वाढयाची बायको मारायची. बैलाच्या दाव्याची गाठ असते ना, तीच, फक्त एक वेढा जास्त. पेटी तपासायला येणारा साहेब मुठीला धरून भरलेली पेटी हिसडून बघायचा. बाकीच्यांच्या गाठी सुटायच्या, हिची कधी सुटली नाही. ती गाठ मी शंभर पेट्यांत ओळखली असती.

मग ऑर्डरी आटल्या. आधी निम्म्या झाल्या, मग तुकड्या-तुकड्यानं यायला लागल्या. ठेकेदार म्हणाला, वरून खर्चाला कात्री लागली आहे. दिल्लीत कोणी कागदावर रेघ मारली आणि इकडे गावातली लाकूड कापायची आरा मशीन आठवड्यातून दोन दिवस चालू लागली. खिळ्यांच्या दुकानदारानं खिळे सोडून प्लास्टिकच्या बादल्या ठेवल्या. शेडमधले चार कामगार धानाच्या रोवणीच्या मजुरीला गेले, दोघे नागपूरला. समोरच्या टपरीवाल्यानं चहाचं पातेलं लहान केलं.

पण खर्चकपातीवर गावात कोणाचा विश्वास बसेना. फौजेला पेट्या लागणार नाहीत असं कधी होतं का? कोणीतरी ऑर्डर खाल्ली, असंच सगळ्यांना वाटत होतं. आरा मशीनवाल्याला माझा संशय, मला ठेकेदाराचा, टपरीवाल्याला सगळ्यांचाच. दिल्लीवर राग धरून करणार काय? ती दिसत नाही. शेजारी दिसतो.

मला माझा वाढई दिसायला लागला.

पहिली गोष्ट म्हणजे तो शेडमध्ये यायचा कमी झाला. विचारलं तर म्हणायचा, "घरीच काही तरी करून राहिलो," आणि विषय बदलायचा. ताकास तूर लागू द्यायचा नाही. दुसरी गोष्ट, शेडच्या भिंतीला खिळ्यावर आकड्यांचे पत्रे टांगलेले असायचे. शून्य ते नऊ आकडे कापलेले पातळ पत्रे. पेटीवर ठेवून वरून काळा रंग मारला की लॉट नंबर उमटायचा. ते पत्रे एक दिवस खिळ्यावर नव्हते. लॉट नंबर फौजेच्या पेटीशिवाय कशाला लागतो?

त्याच सुमारास मला अनोळखी नंबरांवरून फोन यायला लागले. दिवसाला दोन, कधी चार. मी कापायचो.

"कायले कापता? एखांदं काम असन त्याइचं," बायको म्हणाली.

"कामवाले असे फोन नाही करत," मी म्हणालो.

एकदा चुकून उचलला गेला. पलीकडून आवाज आला, "पेटीवाले काय?" मी सावध झालो. हा ठेकेदाराचा माणूस, आपण बाहेर माल विकतो का ते चाचपतो आहे, हे मी तत्काळ ओळखलं. "राँग नंबर," म्हणालो आणि नंबर ब्लॉक केला. त्यानंतर जो नवा नंबर येई तो ब्लॉक. आपण किती हुशार आहोत याचं मला समाधान वाटत होतं, हे कबूल करतो.

मग लाखनीला हायवेवर एका ढाब्यापुढे उभी असलेली गाडी दिसली. मागे ताडपत्री, आणि ताडपत्रीखालून नव्या पेट्यांच्या कडा बाहेर आलेल्या. एका मुठीची गाठ मला स्पष्ट दिसली. दाव्याची गाठ, एक वेढा जास्त.

मी ताडपत्री उचलली नाही. ड्रायव्हरला विचारलं नाही. विचारायचं काय? सगळं दिसत होतं. पंधरा वर्षं माझ्या शेडमध्ये बसून माझ्याच घरची भाजी खाणारा माणूस मला सोडून एकटा माल देत होता. त्याच संध्याकाळी मी ठेकेदाराला फोन लावला आणि वाढयाशी माझं आता जमत नाही म्हणालो.

तो म्हणाला, "एक छोटी ऑर्डर उरली आहे. तुम्हा दोघांत भांडण असेल तर एकालाच देतो. सांगा, कोणाला?"

मी म्हणालो, "वाढई ओलं लाकूड वापरतो."

आमच्या धंद्यात याहून वाईट बोलणं नाही. ओल्या लाकडाच्या पेटीत दारू दमट होते. असा माणूस यादीतून गेला की कायमचा गेला. आणि ते धडधडीत खोटं होतं. हा माणूस फळी उन्हात वाळवून, गालाला लावून बघायचा. गार लागली की परत उन्हात.

आठवड्यानं ठेकेदाराचा निरोप आला की ती छोटी ऑर्डरही रद्द झाली. म्हणजे मी खोटं बोललो तेही फुकट.

पुढच्या बाजाराला मी साकोलीला गेलो होतो. मासोळीच्या ओळीत एका बाईनं लाकडी पेटीतला बर्फ झटकला आणि पेटी उपडी करून तिच्यावर बसायला गेली. तळावर काळ्या रंगात दहा आकडे होते. फौजेच्या पेटीवर असतात तसेच ठसठशीत. मी वाचले, पुन्हा वाचले. तो माझा मोबाईल नंबर होता.

"ह्या पेट्या कुठल्या?" मी विचारलं.

"तिकडच्या एका वाढयाच्या," बाई म्हणाली. "लय मजबूत हायेत. आमच्या सोसायटीले अजून पाह्यजे होत्या, पन ह्या नंबरवाला मानूस फोनच उचलत नाही. घमेंडी दिसते मेला."

मी मान डोलावली. अर्धा किलो मासोळी घेतली, कारण काहीतरी घेतल्याशिवाय तिथून हलणं मला जमेना.

गावी येऊन थेट वाढयाच्या घरी गेलो. अंगणात तो फळ्यांना रंधा मारत होता, त्याची बायको दोर ओढून गाठ आवळत होती. भिंतीला आकड्यांचे पत्रे टेकवलेले होते. मी नंबराचं विचारलं तेव्हा तो शरमल्यासारखा हसला.

"तुले सांगनार होतो. पन म्हटलं, फौजेच्या पेट्या बनवनारे आपन, अन् आता मासोळ्याच्या? तुले हलकं वाटन. आधी दोन-चार गाड्या जाऊ दे, मंग सांगू. मले कुठं गिऱ्हाइकाशी बोलता येते? बोलनं तुयं. म्हनून तुया नंबर टाकला." मग रंधा खाली ठेवून म्हणाला, "फोन आले काय?"

"आले," मी म्हणालो. "नेटवर्क नव्हतं."

हे दुसरं खोटं. त्यानं ते मानलं की नाही, कळलं नाही.

त्या दिवशी मी खाटेवर बसून ब्लॉक केलेले नंबर एकेक करून मोकळे केले आणि सगळ्यांना परत फोन लावले. निम्म्यांनी दुसरीकडून पेट्या घेतल्या होत्या. निम्मे अजून थांबले होते. आता शेड पुन्हा चालू आहे. आधीसारखं नाही, पण चालू आहे. मासोळीच्या पेट्या, वांग्यांच्या पेट्या. फौजेचं थोडं काम मध्यंतरी निघालं, ते आमच्याकडे आलं नाही.

वाढयाला यादीतून नाव गेल्याचं कळलं तेव्हा तो माझ्याकडेच आला.

"ओलं लाकूड वापरतो म्हने मी. कोनं तरी कान भरले. कोन असन?"

"शोधू आपण," मी म्हणालो.

"मासोळीच्या पेटीले ओलं चालते," तो म्हणाला. "तरी मी वाळवून घेतो."

त्याला आता दीड वर्ष झालं. मी अजून सांगितलेलं नाही. रोज ठरवतो. त्यानंही पुन्हा विचारलेलं नाही, आणि मला तेच खुपतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं आहे. परवा त्यानं नवी फळी उन्हातून आणली, स्वतःच्या गालाला न लावता माझ्या गालाला लावली आणि विचारलं, "पाह्य बरं, ओली तर नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. फळी कोरडी होती. त्यानं ती बाजूला ठेवली आणि दुसरी उचलली.