यूनुस आणि दोन बटणं

यूनुसच्या भित्रेपणावर रोह्याच्या केबल ऑफिसात रोज एक तरी विनोद व्हायचा. राउटर उघडायचा म्हटलं की स्वारी आधी अंगठी-घड्याळ काढणार, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधणार, दोन्ही प्लग उपटून डोळ्यांसमोर ठेवणार, आणि मग आतल्या सर्किट-कार्डाला हात लावणार. तोही कडेनं, तान्ह्या पोराला उचलावं तसा. "एवढ्यात बाळंतीण सुटंल," पोरं म्हणत. बारा वर्षांत त्याच्या हातून एक कार्ड जळलं नाही, हे मात्र कुणी म्हणत नसे. चांगलं बोलताना माणसांची जीभ जड होते.

डिसेंबरात त्याचा धाकटा भाऊ इकबाल कुवेतमध्ये कामावरच वारला. माती तिथेच द्यायची ठरली, आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजतील तेव्हा. इकडे खांबजवळच्या वाडीत त्यांची आई जमिला अंथरुणाला खिळलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिचं एकच मागणं होतं: मातीआधी फोन लावून द्या, मला त्याला दूध माफ करायचंय. पाजलेल्या दुधाचं ऋण आईनं स्वतःच्या तोंडानं माफ केल्याशिवाय लेकरू मोकळं होत नाही, असं ती मानत आली होती. वाडीत मोबाईलला रेंज नाही, सगळी भिस्त केबलच्या नेटवर. नेमका त्याच दुपारी रोह्याच्या ऑफिसातला राउटर कार्ड जाऊन बसला. तो दुरुस्त करणारा माणूस एकच.

यूनुस डोळे पुसत मोटारसायकलवरून रोह्याला आला. पेणहून नवं कार्ड यायला साडेपाच झाले. त्यानं अंगठी काढली, पट्टा बांधला. प्लग मात्र जड कपाटामागे होते, आणि ते कपाट एकट्यानं सरकवायला वेळ कुठला? त्यानं पॅसेजमधल्या बोर्डावरची राउटरची दोन बटणं तेवढी बंद केली. आयुष्यात पहिल्यांदाच.

कार्ड अर्धं आत गेलं होतं, तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या काशीबाई आल्या. तिन्हीसांजेला घर असो की ऑफिस, अंधार त्यांना खपत नसे. त्यांनी रोजच्यासारखी बोर्डावरची झाडून सगळी बटणं चालू केली आणि दिव्याला हात जोडले. आतून चट् असा आवाज आला, मग जळका वास.

"दिवेलागण झाली, काळोखात काय बसलास रे?" त्यांनी दारातून विचारलं.

यूनुसनं बटणं पुन्हा बंद केली, जळकं कार्ड बाहेर काढलं. कुणावर ओरडणार? दुसरं कार्ड आता उद्या येणार होतं.

सहाला त्याच्याच मोबाईलवर कुवेतहून व्हिडिओ कॉल आला. रोह्यात रेंज उत्तम. कफनातला इकबालचा चेहरा स्वच्छ दिसला. "काय बोलायचंय का?" तिकडून इकबालच्या मित्रानं विचारलं. यूनुसनं तोंड उघडलं. शब्द पाठ होते, पण ते आईचे होते. भाऊ भावाला कुठलं दूध माफ करणार?

"अर्धा तास थांबवा, अम्माला उचलून रेंजमध्ये आणतो," तो गयावया करत म्हणाला. पण तिकडे मागे दुसरी मयत ताटकळत होती; कुणी थांबलं नाही.

तो घरी पोचला तेव्हा शेजारच्या ठमाबाईंनी त्याला दारातच अडवलं. "तिचा जीव बघवना रे. लागला नव्हता तरी फोन तसाच तिच्या कानाला लावला नि म्हटलं, लागला गो, बोल."

आत जमिला उशीला टेकून बसली होती. चेहरा निवलेला.

"बोलले मी. सगलं माफ केलं," ती म्हणाली. "त्याच्यावर माती पडायच्या आधीच पोचलं ना रे?"

"व्हय, अम्मा," यूनुस म्हणाला. "आधीच."