ख्रिस्त खरा, गहूही खरा

“गहू बंद. जन्मभर,” डॉक्टर म्हणाल्या. पनवेलच्या त्यांच्या क्लिनिकमध्ये मी बायॉप्सीचा रिपोर्ट घेऊन बसले होते. आजाराचं नाव सीलिॲक डिसीज. गव्हातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की आपलंच शरीर आपल्या लहान आतड्यावर हल्ला करतं. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, अन्न तीच शोषून घेते. माझी लव सपाट झाली होती.

त्याआधीचं वर्ष घाणीत गेलं. स्पष्टच लिहिते, कारण असल्या लेखांत सगळे ‘पोटाचा त्रास’ म्हणून मोकळे होतात. दिवसातून सहा-सात वेळा संडास, तेलकट, तरंगणारी, कितीही पाणी ओतलं तरी न जाणारी. विचुंब्याला पाणीप्रश्नाची पत्रकं वाटायला गेले की आधी कुणाच्या घरी बाथरूम मागता येईल ते हेरायचं.

चपाती, पाव, बिस्किटं सोडली. हिंगसुद्धा फेकला, बाजारच्या हिंगात गव्हाचं पीठ असतं म्हणून. सहा महिन्यांनी टीटीजी केली. आतड्यावरचा हल्ला चालू आहे का, ते ही रक्ततपासणी सांगते. चालूच होता.

“कुठून तरी गहू जातोय,” डॉक्टर म्हणाल्या. “मला फसवून फायदा नाही.”

मी चिडले. मग रविवार आठवला.

मी कॅथलिक आहे. मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, फादर ज्या पातळ पांढऱ्या चकतीवर ख्रिस्ताचे शब्द उच्चारतात, ती आमच्यासाठी नुसती खूण राहत नाही. तो स्वतः तिथे असतो. हे मी मानते, आजही. म्हणून तर तिला गव्हात धरायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. घरातला हिंग फेकणारी मी, दर रविवारी गहू जिभेवर घेत होते.

“तुमच्या धर्मातलं मला कळत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “आतडं कळतं. त्याच्यासाठी तो गहूच आहे.”

चर्चमध्ये वेदीची तयारी उरणच्या फिलोमिना आंटी करतात. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, “मिस्सा झाल्यावर गहू रवतोय कुठं? तुजी श्रद्धा कमी पडतंय, पोरी.”

मला किळस आली. आजाराची नाही, या बोलण्याची. दुसऱ्याच्या संडासावरून त्याचा विश्वास मोजायचा!

फादरनी मात्र नीट सांगितलं. “बदलतं ते मूळ तत्त्व. रंग, चव, पोटात होणारा परिणाम गव्हाचाच राहतो. चर्चने वेगळं कधी शिकवलेलंच नाही. तू नुसता द्राक्षारस घे. त्यातही पूर्ण ख्रिस्त आहे, अर्धा नाही.”

तीन रविवार त्यांच्या चषकातून प्यायले. तिन्ही सोमवार संडासात गेले. चौथ्या रविवारी पुढच्या बाकावर बसून डोळे उघडे ठेवले. फादरनी मोठी चकती मोडली आणि तिचा एक कण चषकात टाकला. प्रत्येक मिस्सेत टाकतात. लहानपणापासून बघतेय मी हे!

फादर स्वतःवरच वैतागले. ठरलं की माझ्यासाठी छोटा चषक वेगळा ठेवायचा, त्यात कण टाकायचा नाही.

पुढच्या रविवारी रांगेतून पुढे गेले, तर वेदीवर एकच चषक. फादरनी खांदे पाडले. मी न घेताच परतले. आमच्यात असं परतणारी म्हणजे काहीतरी पाप करून आलेली. बाकांवरच्या बायकांनी ते पाप काय असेल याचा अंदाज बांधायला तिथेच सुरुवात केली.

मिस्सा संपताच वेदीमागच्या खोलीत आंटींना गाठलं.

“एकीसाठी दोन चषक? राजकन्या हाय काय तू?”

मी त्यांना माझा सोमवार सांगितला. रंग, वास, किती वेळा, सगळं.

“शी! देवाच्या दारात काय बोलतंय!”

“ऐका आंटी. गहू उरत नाही म्हणता ना? मग मला हगवण कोणी लावली? ख्रिस्ताने?”

आंटींनी छातीवर क्रूस काढला. हातातला रुमाल घडी घालून परत उलगडला.

पुढच्या रविवारी वेदीच्या कोपऱ्यात छोटा चषक होता. सोमवारी पोट गप्प.

हे वाचणाऱ्या सीलिॲकच्या कॅथलिकांनो, गोड बोलत बसू नका. वेगळा चषक मागा. आणि श्रद्धा कमी पडली म्हणणाऱ्याला माझा प्रश्न विचारा. खराखुरा ख्रिस्त खऱ्याखुऱ्या पोटातच येतो, हे मला मळमळत, कण्हत कळलं.

आता टीटीजी नॉर्मल आहे. डॉक्टरांचे आभार, फादरांचेही. आंटींचे मानणार नाही, त्यांनी अजून माफी मागितलेली नाही. पण परवा मिस्सेआधी वेदीमागच्या खोलीत डोकावले, तर आधी कोपरापर्यंत हात धुऊन मग त्या माझा चषक पुसत होत्या. मला बघून खेकसल्या, “काय बघतंय? गव्हाचा हात नाय लागलाय त्याला.”

मी न तपासता प्यायले.