शालीखालचा माईक

तात्या भाषणाला उभे राहिले की आधी माईकवर नखानं दोनदा टिचकी मारायचे. टक टक. "डबल बेल दिली. आता गाडी मधी थांबायची न्हाई," असं म्हणून मागच्या रांगांना हात करायचे, "पुढं सरका, पुढं लई जागा हाय!" उभा जन्म एसटीत कंडक्टरी केलेला माणूस.

तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते. निवृत्तीनंतर धारूरच्या आमच्या बुद्धविहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या तीन महिन्यांत दर रविवारी ते बोलत. विषय कुठलाही असो, दाखला बसमधलाच. कुणी प्राध्यापक जड बोलू लागले की तात्या खालून म्हणत, "साहेब, मोठी नोट काढू नका, सुट्टं बोला!" एकदा मी बोलायला उभा राहिलो आणि 'आदरणीय'च्या पुढं शब्दच फुटेना. तात्या सगळ्यांदेखत म्हणाले, "काय बे, घाटात बंद पडलास व्हय? भ्यायचं कावून? समोर बसलेत ते पासिंजरच की!" भीती तात्यांच्या गावीही नाही, अशी आमच्या घराण्याची श्रद्धा होती.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर जीव राहील, आवाजाचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. वर्षावासाच्या समारोपाचं एकच भाषण हाती उरलं होतं. ते नीट रेकॉर्ड करून ठेवायचं असं घरात ठरलं, आणि मी छाती पुढं काढून म्हणालो, "माझ्यावर सोडा."

सोडलं, तिथंच सगळं चुकलं.

मी रोज मोबाईलवर कॅमेऱ्यांचे व्हिडिओ पाहत बसलो. बायको म्हणाली, "मला बघायला आलते तव्हा एवढं न्हाई बघितलं तुमी!" बीडच्या दुकानदारानं सरळ सांगितलं, "भाषण आहे ना? मग कॅमेरा साधा घ्या, आवाज जवळून घ्या. कॉलरला लावायचा वायरलेस माईक न्या, आणि हेडफोन कानाला लावून ऐकत राहा." मी माईक घेतला, हेडफोनही घेतला. कॅमेरा मात्र असा निवडला की तात्यांच्या मागची भिंत धूसर होऊन ते जाहिरातीतल्यासारखे दिसावेत.

समारोपाच्या दिवशी बटण दाबायचं विसरायला नको म्हणून मी सगळं लवकरच चालू करून ठेवलं. तात्यांच्या सदऱ्याला माईक अडकवला. ते मान वाकवून बघत म्हणाले, "एवढंसं हे. काय ऐकणार?"

"सगळं ऐकतं, तात्या."

"सगळं कावून? कामापुरतं ऐकू दे की."

मी हसलो आणि हेडफोन गळ्यात घालून विहारभर मिरवत राहिलो. कानाला लावला नाही. कोण कौतुक करतंय ते ऐकायला कान मोकळे हवे होते.

तात्या मंचावर आले तेव्हा मला वाटलं, त्यांचा पांढरा सदरा चित्रात उठून दिसत नाही. सत्काराची लोकरी शाल आणलेली होती, ती शेवटी द्यायची ठरली होती. मी धावत जाऊन ती आधीच त्यांना पांघरवली, अगदी गळ्यापर्यंत नीट गुंडाळून. टाळ्या झाल्या. तात्यांनी विहाराच्या माईकवर डबल बेल दिली, आणि असे बोलले की बायाबापड्या डोळे पुसत होत्या.

संध्याकाळी सगळं घर टीव्हीपुढं जमलं. भजी झाली होती. मी रेकॉर्डिंग अगदी सुरुवातीपासून लावलं. पडद्यावर रिकामा मंच आणि आवाज मात्र तात्यांचा, कानाशी बोलल्यासारखा. विहाराच्या मागं लिंबाखाली ते एकटे उभे असणार. "बंधू-भगिनींनो... बंधू-भगिनींनो..." मग थांबून, वारलेल्या काकूंशी, "शांते, लई लोकं आलेत गं. पाय कापायलेत. दर येळेला असंच व्हतं बघ. पळून जाऊ का?"

मी मोठ्यानं हसलो. दुसरं कुणीच हसलं नाही. तात्या हातातलं भजं तसंच धरून बसले होते, कानाच्या पाळ्या लाल. मी रिमोट शोधला आणि घाईत आवाजच वाढवला. "जाऊ का गं?" पार शेजारी गेलं.

कसंबसं पुढं सरकवून मी भाषण लावलं. शाल माईकवर घासत होती. खस्स, खस्स. तात्यांचे ओठ हलतायत, हात हलतायत, मागची भिंत सुंदर धूसर, आणि शब्द एक नाही. मी शेवटपर्यंत सरकवत गेलो. खस्स, खस्स.

तात्या उठले. दारात थांबून म्हणाले, "कामापुरतं म्हणलो व्हतो तुला."

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला. त्यांच्या आवाजातलं माझ्या वाट्याचं ते शेवटचं वाक्य.

आता तात्याही नाहीत. लोक त्या भाषणाचं रेकॉर्डिंग मागतात, तेव्हा मी 'माईक खराब निघाला' असं सांगतो. माईक उत्तम होता. त्यानं जे ऐकायला नको ते चोख ऐकलं, आणि जे ऐकायचं त्यावर मी शाल घातली.

जाण्याआधीच्या वर्षावासाला तात्या पहिल्या रांगेत बसले होते. समारोपाला कोण बोलणार अशी चर्चा निघाली, तेव्हा त्यांनी बोट माझ्याकडं केलं. समारोपाच्या दिवशी माझ्या कॉलरला तोच माईक, या वेळी विहाराच्या स्पीकरला जोडलेला. कुणीतरी खांद्यावर शाल टाकली. मी 'आदरणीय' म्हणालो आणि घाटात बंद पडलो. समोर बघायचं धैर्य होईना, कारण समोर तात्या होते.

ते उठले. हळूहळू मंचावर चढले. मला वाटलं, हाताला धरून खाली नेतील. त्यांनी माझ्या खांद्यावरची शाल काढली, घडी करून आपल्या हातावर घेतली, आणि माझ्या कॉलरच्या माईकवर नखानं मारलं. टक टक.

जागेवर जाऊन बसले.

"तात्या," मी म्हणालो, "पाय कापायलेत."

ते साऱ्या विहाराला ऐकू गेलं. तात्यांनी मांडीवर शाल ठेवली आणि हात केला, पुढं सरक.