होकार आल्यावरचा अर्ज

डिसेंबरातल्या त्या सकाळी मी कुकर लावत होते आणि लेक आतून किंचाळली. मला वाटलं, पाल पडली अंगावर. धावत गेले, तर ही कम्प्युटरसमोर उभी राहून नाचतेय! अमेरिकेतल्या एका मोठ्या, नावाजलेल्या विद्यापीठाने तिला इंजिनिअरिंगला घेतलं होतं. लवकर अर्ज केला की उत्तरही लवकर मिळतं, अशी तिकडे सोय असते. ए-लेव्हलची, म्हणजे इथली सिंगापूरची बारावीची, परीक्षा चालू असतानाच तिने तो अर्ज टाकला होता. मी तिचे पटापटा मुके घेतले, देवापुढे साखर ठेवली आणि ऑफिसला आज येत नाही म्हणून कळवून टाकलं.

दुपारपर्यंत दुधाच्या पावडरीचे पेढे वळून झाले होते. बुकित बातोकच्या आमच्या ब्लॉकमध्ये जेवढी ओळखीची दारं होती, तेवढी सगळी वाजवून आले. उरलेल्यांना फोन. शहराच्या दुसऱ्या टोकाला, सेंगकांगला राहणारी माझी मैत्रीण म्हणाली, "सुटलीस गं बाई! आता निवांत झोप." मलाही अगदी तसंच वाटत होतं. गेलं वर्षभर या पोरीचे निबंध, परीक्षा, चिडचिड यांत आमच्या घराची पार धर्मशाळा झाली होती. कोणी कधीही उठावं, कधीही जेवावं.

आणि दोन दिवसांनी बाईसाहेब वरणभात कालवता कालवता म्हणतात, "आई, मी अजून एका कॉलेजला अप्लाय करणारे."

"का? यांनी नाही म्हटलं की काय?"

"नाही गं. पण ते नॉन-बाइंडिंग आहे ना. ते हो म्हणालेत, मी अजून काहीच म्हटलेलं नाही. मेपर्यंत वेळ आहे मला."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. होकार आला, पेढे वाटून झाले, आणि ही म्हणते मी काहीच म्हटलेलं नाही! आमच्याकडे एकदा सुपारी फुटली की विषय संपतो. त्यानंतर दुसरी स्थळं बघत हिंडलं, तर लोक शेण घालतील तोंडात. मी तिला हे सगळं सुनावलं. शोभतं का, त्यांना काय वाटेल, मी लोकांना काय सांगू, झालंच तर त्या विद्यापीठाने दुसऱ्या कोणाला तरी नाही म्हणून तुला जागा दिली असेल.

"आई, ते युनिव्हर्सिटी आहे, मुलगा नाही ला!" प्रत्येक वाक्याच्या शेपटाला ते सिंगापुरी 'ला' लावलं की माझं डोकं आणखी फिरतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"आणि हे दुसरं कुठलं?"

एक लहानसं कॉलेज निघालं, डोंगराळ मुलखातलं. नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं, आणि आमच्या ओळखीत कोणी ऐकलं असण्याची शक्यताही नव्हती. तिथे तिला भूशास्त्र शिकायचं होतं.

"भूशास्त्र म्हणजे?"

"दगड," ती म्हणाली.

झालं! माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. इंजिनिअरिंग सोडून दगड? एवढ्या शिकवण्या लावून वाढवलेली मुलगी अमेरिकेत जाऊन दगड फोडणार? ती ताटावरून उठली नाही, पण तिचे डोळे भरून आले आणि ती भात चिवडत बसली. वाईट मलाही वाटलं, पण जीभ काही थांबेना.

आमचे हे समोर ताक पीत बसले होते. बँकेतला माणूस, तोलूनमापून बोलणारा. त्यांनी ताक संपवलं, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "सुपारी फुटली की विषय संपतो, असं कोण म्हणतंय?"

"मी म्हणतेय!"

"मग मी इथे कसा बसलोय?"

लेक एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागली. "म्हणजे? व्हॉट डू यू मीन, बाबा?"

"विचार तुझ्या आईला. नाशिकची साडीसुद्धा आली होती नेसायला."

असा संताप आला म्हणून सांगू! इतक्या वर्षांच्या संसारात हा विषय त्यांनी एकदाही काढला नव्हता, आणि काढला तो नेमका लेकीसमोर. पण आता सांगणं भाग होतं. माझं लग्न आधी नाशिकच्या एका घरात ठरलं होतं. घर चांगलं, मुलगा चांगला, नातेवाईक आनंदात. सुपारी फुटल्यावर त्यांच्याकडून सहज म्हणून निरोप आला, की मुलीने कॉस्टिंगच्या परीक्षा आता पुरे कराव्यात. माझी शेवटची परीक्षा तेवढी राहिली होती. मी गच्चीवर जाऊन खूप रडले आणि खाली येऊन वडिलांना म्हटलं, मला हे लग्न नको. त्यांनी आरडाओरडा केला नाही, अब्रूबिब्रूही काढली नाही. एवढंच विचारलं, "नक्की ना?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः नाशिकला गेले आणि साडी परत करून आले. लोक बोलले. बोलायचे तेवढे बोलले आणि थकले. मी परीक्षा दिली, आणि पुढच्या वर्षी हे बघायला आले.

"ओह माय गॉड, आई!" लेकीचं रडू कुठल्या कुठे पळालं. "यू आर सो कूल!"

"कूलबिल काही नाही. ताट उचल."

पण मला त्या दिवशी दुसरं काही सुचेना. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी नाशिकला त्या लोकांसमोर मान खाली घालून काय सांगितलं असेल, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. आता फार वाटलं, विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच लेकीला म्हटलं, चल, फिरून येऊ. आमच्या घरामागे जुन्या खाणीचं तळं आहे. पाण्यातून काळपट कडा सरळ वर गेलेला, आणि अलीकडे नवरानवरी फोटो काढायला उभे. लहानपणी हिला तिथून घरी आणायचं म्हणजे ओढून आणावं लागायचं. मला तिथे कधी काही दिसलं नाही. त्या दिवशी तिने कठड्याला रेलून बोलायला सुरुवात केली. हा दगड जमिनीखाली खोल, हळूहळू थंड होत गेला, म्हणून त्यातले कण मोठे, डोळ्यांना दिसतील एवढे. मग वरचं सगळं झिजून गेलं आणि हा उघडा पडला. मराठी कमी पडलं की इंग्रजी, इंग्रजी कमी पडलं की हातवारे. वर्षभरात मी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. इंजिनिअरिंगचा होकार आला तेव्हा ती नाचली खरी, पण ती जिंकल्यावर नाचते तशी नाचली होती.

"नक्की ना?" मी विचारलं.

"नक्की," ती म्हणाली. मराठीत, आणि शेपूट न लावता.

नाताळच्या सुट्टीत तिने तो अर्ज पुरा केला. मी तिला मध्ये मध्ये चहा नेऊन देत होते आणि पडद्यावर काय लिहिलंय ते बघायचा मोह आवरत होते. सेंगकांगच्या मैत्रिणीला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "कमाल आहे तुमची! ठरलेलं कोणी उकरून काढतं का?" मी म्हटलं, आमच्या घरात काढतात.

मार्चअखेर त्या छोट्या कॉलेजचं उत्तर आलं. याही वेळी सकाळच होती, पण किंचाळणं नाही की नाच नाही. ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. "दगडवाल्यांचा होकार आला," म्हणाली. मी तिला जवळ घेतलं. हे दाढी करता करता अर्धवट फेस लावलेल्या तोंडाने बाहेर आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून परत आत गेले. त्याच महिन्यात ए-लेव्हलचा निकालही लागला होता. झकास मार्क होते. इथल्या विद्यापीठानेसुद्धा तिला आनंदाने घेतलं असतं. आमच्या घरून बसने जाता येण्यासारखं.

"आई, आता दोन होकार आहेत. तू सांग, कुठला घेऊ?"

वर्षभर न विचारता मतं देत आले होते. आता ती आपणहून विचारत होती.

"मला विचारू नकोस गं," मी म्हटलं. "मला विचारशील, तर मी इथलंच सांगेन."

ती माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "माहितेय मला. म्हणून तर तू 'जा' म्हटल्याशिवाय जाववत नव्हतं."

"जा," मी म्हटलं. "जा, कळव तुझ्या दगडवाल्यांना."