बर्फातले बूट आणि चांदीची जोडवी

"काका, उजव्या पायाचं बोट जाणवत नाहीये."

"जाणवत नाहीये म्हणजे? दुखतंय?"

"सकाळपर्यंत दुखत होतं. आता दुखतच नाहीये."

दुपारचे चार वाजले होते. दुकानात एक जोडपं ट्रेकिंगची सॅक बघत होतं. मी त्यांना "दोन मिनिटं हं" म्हणून फोन घेऊन बाहेर आलो. पाय दुखत असला की माझ्यासारख्याला काम असतं, काहीतरी सैल करता येतं, घट्ट करता येतं. थंडीत दुखायचा थांबला तर मात्र घाबरायचं, कारण तिथपर्यंत रक्त पोचत नाहीये.

फोन गुलमर्गहून होता. प्रणालीचा. ती नवीन पनवेलच्या एका शाळेत पीटी शिकवते, राहते विचुंबेला. दहा-बारा दिवसांपूर्वीच तिला मी स्नोबोर्डचे, म्हणजे फळीवर उभं राहून बर्फावरून घसरतात त्या खेळाचे, बूट विकले होते. आता तिथल्या स्नोबोर्डच्या कोर्सचा तिसरा दिवस होता, आणि तिच्या पायात माझे बूट होते.

पनवेलात स्नोबोर्डचे बूट कोण विकतं, असं लोक हसून विचारतात. मी विकतो. मी एका बूट कंपनीत फिटिंगचं काम केलंय, म्हणजे पायाचं माप घेऊन बूट कुठे दाबतोय, कुठे ढिला आहे ते बघायचं. तिथून सुटल्यावर जुन्या पनवेलात ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान टाकलं. इकडच्या डोंगरांना असले बूट लागत नाहीत, पण बर्फात जाणारी माणसं वाढली आहेत. ती आली की मी दिल्लीच्या डीलरकडून दोन-तीन जोड मागवतो, पायात घालून बघतो आणि बसतील ते ठेवतो.

प्रणालीचं हे दुसरं वर्ष होतं. गेल्या वर्षी तिने तिथलेच भाड्याचे बूट घेतले. ते सैल होते. वळण घेताना टाच आत वरखाली व्हायची. पाचव्या दिवशी दोन्ही टाचा सोलून निघाल्या आणि ती अर्ध्यातून घरी आली. गावात तिला 'बरफवाली' म्हणून चिडवायला लागले. यंदा मात्र एका टूर कंपनीने सांगितलं होतं, सर्टिफिकेट आण, हिवाळ्याच्या ग्रुपबरोबर लीडर म्हणून पाठवतो. दोन दिवस बुडले की कोर्समधून नाव कापतात. म्हणजे बोट वाचवायचं होतं, आणि जमलं तर कोर्सही.

"लेस चवड्यावर किती घट्ट आहे?" मी विचारलं.

"तुम्ही सांगितली तशीच. खाली नॉर्मल, घोट्याला घट्ट."

"मोजे दोन घातलेस का?"

"नाही हो. तुम्ही दिलेला एकच."

"लायनर ओला होता?"

लायनर म्हणजे बुटाच्या आतला मऊ बूट. बाहेरचा कडक बूट पाय धरून ठेवतो, आतला ऊब देतो. तो ओला राहिला तर पाय गारठतो.

"रात्री हीटरपाशी वाळवला. कोरडा होता."

माझे प्रश्न संपले. बूट बरोबर होते, बांधले बरोबर होते, मोजाही बरोबर होता. मग एकच बोट का? थंडी काही एक बोट निवडून धरत नाही.

"मोजा काढून पायाचा फोटो पाठव."

तिचं वायफाय हॉटेलचं. फोटोवरचं ते गोल चक्र फिरत राहिलं. मी फुटपाथवर उभा होतो, आत ते जोडपं सॅकची चेन उघडझाक करत होतं आणि मला मनातून बूट विकल्याचा पश्चात्ताप व्हायला लागला होता.

फोटो उघडला. अंगठ्याशेजारचं बोट सुजून पांढरट-जांभळं पडलं होतं. आणि त्याच्या बुडाशी, सुजेत रुतलेलं, जाड चांदीचं जोडवं होतं.

मी कपाळावर हात मारून घेतला. अक्षरशः.

आता दुकानात काय झालं होतं ते सांगतो. प्रणाली सासूबाईंबरोबर आली होती. हिराबाई, साधारण माझ्याच वयाच्या. त्यांचं बरंच आयुष्य उरणकडच्या मिठागरात गेलेलं. त्या स्टुलावर बसल्या आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "भाऊ, येक नंबर मोठाच द्या. येवढं महागाचं बूट, चार वर्सं चालाला होवं."

हे मी रोज ऐकतो. आपल्याकडे लहानपणापासून बूट एक नंबर मोठेच घेतात, पाय वाढो न वाढो. मी त्यांना समजावलं. या बुटात सरळ उभं राहिलं की बोटं पुढे नुसती टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की मागे सरकली पाहिजेत, आणि टाच जागची हलता कामा नये. मोठा घेतला तर गेल्या वर्षीचीच गत होईल. पंधरा मिनिटं हुज्जत घातली आणि मी जिंकलो. फार बरं वाटलं.

मग माप घ्यायला मी प्रणालीसमोर जमिनीवर बसलो. तिने पाय झटकन मागे घेतला.

"काका, पायाला नका हो हात लावू!"

हिराबाईही पुढे झाल्या. "तुमी मोठी मानसं. पोरीच्या पायाला हात लावाल? तिला पाप नको."

माझ्या धंद्यातली ही जुनी अडचण. काम सगळं पायांशी, आणि आपल्यात वडीलधाऱ्याने धाकट्याच्या पायाला हात लावायचा नसतो. तरुण होतो तेव्हा बरं होतं. केस पिकले आणि लोक पाय मागे घ्यायला लागले. एरवी मी दटावतो, "डॉक्टरला नाही का दाखवत?" त्या दिवशी नंबरावरून एवढं भांडलो होतो की आणखी भांडायचा कंटाळा आला. म्हटलं, बरं, मोजे घाल तू, मग माप घेतो. ती पाठ फिरवून मोजे घालून आली. मी मोज्यावरून माप घेतलं. पंजा जरा रुंद भरला. मी स्वतःशीच म्हटलं, इकडच्या बायकांचे पंजे असतातच रुंद, आणि वहीत तसं लिहूनही टाकलं.

बूट घातल्यावर ती म्हणाली होती, "इथे बोटात थोडं दाबतंय."

मी म्हणालो, "लायनर नवा आहे. दोन दिवसांत बसेल."

हे वाक्य मी जन्मात किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. शंभरात नव्वद वेळा ते खरंही असतं.

फोनवर मी म्हणालो, "प्रणाली, जोडवी काढ आधी." पाच मिनिटांनी ती पुन्हा फोनवर आली.

"डाव्या पायातलं निघालं. उजवं साबण लावूनसुद्धा हलत नाही. मला वाटलंच नाही हो काका, लग्नापासून पायातच आहेत. ती आहेत हेच विसरायला होतं."

"तिथे दवाखाना आहे ना? त्यांच्याकडे अंगठी कापायचा कटर असेल. आत्ता चालायला लाग. नको, चालू नकोस, कोणाच्या तरी गाडीतून जा. पाय गरम पाण्यात घालू नकोस, हीटरपाशी धरू नकोस. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही."



"कापायचं?"

"मग काय करणार?"

"आईंना विचारल्याशिवाय कसं कापू? त्यांनी स्वतः घातलीत ती मला."

"मग नवऱ्याला विचार."

"ते पोर्टवर ड्यूटीला आहेत. मोबाइल आत नेऊ देत नाहीत."

"मग लाव आईंना फोन."

"काका, त्यांना कळलं तर म्हणतील परत ये. गेल्या वर्षी लोक हसले ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त लागलंय. तुम्ही सांगाल का?"

मला नको होतं. खरं सांगायचं तर हिराबाईंची मला भीती वाटत होती. ज्या बाईशी मी नंबरावरून वाद घातला, तिला आता सांगायचं, की तुमच्या सुनेचं बोट माझ्या बुटात अडकलंय आणि तिचं जोडवं कापायचंय. पण घड्याळ पुढे चाललं होतं.

"मी सांगतो. तू निघ. उत्तराची वाट बघत बसू नकोस."

सॅकवाल्या जोडप्याला मी हात जोडले आणि उद्या यायला सांगितलं. हिराबाईंना फोन लावला. पहिल्यांदा नुसताच वाजला. दुसऱ्यांदा उचलला.

"कोन?"

"ताई, मी पनवेलचा बूटवाला."

"बोला भाऊ. वालाच्या शेंगा सोलतंय, हात भरलंय. काय झायलं?"

मी सांगितलं. शक्य तेवढ्या कमी शब्दांत, पण माझी चूक लपवली नाही. पाय उघडा बघायला हवा होता, मी बघितला नाही, म्हणालो.

"बोट काळं परलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. पांढरट-जांभळं आहे."

"मंग अजून जीव हाय त्यात." त्यांनी श्वास घेतला. "कापा म्हनाव. लगेच. इचारत काय बसलीय? बोट हाय तं जोडवं हाय. बोटच नाय राह्यलं तं कशात घालंल?"

"बरं ताई."

"आनि आइका. तिला सांगा, माघारी याचा नाय. औंदा पुरा करून ये म्हनाव. मी हितं लोकांना बघून घेतंय."

मी प्रणालीला लावला तर फोन लागेना. मग शब्दन् शब्द मेसेज लिहून पाठवला. एकच टिक. दुसरी पडेना. मी काउंटरवर मोबाइल ठेवून त्याच्याकडे बघत बसलो. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना काय दिलं आठवत नाही. मधे वही काढली, प्रणालीचं पान उघडलं. 'पंजा रुंद' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, शिवाय त्याखाली रेघही मारली होती. मिठागरात अनवाणी चालल्या त्या हिराबाई. ही पोरगी बूट घालून शाळेत पीटी शिकवते. हिचा पंजा कशाला रुंद असेल? मोज्याखालचं जोडवंच मापात आलं होतं. एवढंही मला सुचलं नव्हतं. स्वतःचा इतका राग आला की वही मिटून टाकली.

सहाच्या सुमारास निळ्या टिका पडल्या. मग फोटो आला. स्टीलच्या ट्रेमध्ये जोडव्याचे दोन तुकडे. त्याखाली तिने लिहिलं होतं, 'आता खूप दुखतंय.'

एवढा आनंद मला कुणाच्या दुखण्याचा कधी झाला नव्हता.

डॉक्टरांनी एक दिवस बर्फात उतरू नको म्हणून सांगितलं. तो दिवस तिने वर्गात बसून काढला, आणि बर्फात उतरली नाही म्हणून तो बुडालेला धरला गेला. म्हणजे आणखी एक दिवस बुडला असता तर नाव कापलं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी त्याच बुटांत, बिनजोडव्यांची ती उतरली. मी रोज संध्याकाळी विचारायचो, ती रोज पायाचा फोटो पाठवायची. बायको म्हणाली, लोक नातवंडांचे फोटो बघतात, तुम्ही हे काय बघत बसता? शेवटी नख काळं पडून गेलं, पण बोट राहिलं. शेवटच्या दिवसापर्यंत तिने पुढे एकही दिवस बुडवला नाही. सर्टिफिकेटचा फोटो मात्र तिने मला सासूबाईंच्या नंतर पाठवला.

आल्यावर दोघी पेढे घेऊन दुकानात आल्या. प्रणाली नमस्काराला वाकली तसं मी म्हटलं, "ते राहू दे, आधी पाय दाखव." ती पुन्हा संकोचली. हिराबाईंनी तिला स्टुलावर बसवलं.

"ठेव पाय तितं. भाऊंना बघू दे."

मी जमिनीवर बसून तिचं बोट दाबून बघितलं. सोडल्यावर रंग परत आला. दोन्ही पायांत बारीक, नवी जोडवी होती, पेच असलेली, हाताने उघडणारी. पनवेलच्या सोनाराकडून हिराबाईंनीच करून आणली होती.

मी उठायला लागलो तर हिराबाईंनी आपली चप्पल काढून पाय पुढे केला. मिठाने खाल्लेली, भेगाळलेली टाच, पसरलेली पाच बोटं आणि झिजून गुळगुळीत झालेली जुनी जोडवी.

"माजाबी माप घ्या. सकाळी चालाला जातंय, पाय दुखतान. बरंसं बूट द्या." मग मला नीट बजावलं, "येक नंबर मोठा नको हां. आनि जोडवी मी काडनार नाय. तुमी बुटात जागा करा."

मी जागा केली. बूट साच्यावर चढवला आणि त्या बोटापाशी ताणून रात्रभर ठेवला. तेव्हापासून दुकानात कुणीही आलं तरी आधी मोजे काढायला लावतो, आणि कुणी पाय मागे घेतला तर हात पाठीमागे बांधून नुसतं बघतो. वहीत मापाशेजारी एक नवा रकाना आखलाय. त्यात पहिलंच नाव हिराबाईंचं आहे आणि पुढे लिहिलंय: जोडवी आहेत, निघणार नाहीत.